मृगाचे पाणी आणि अंड्याचे घड्याळ

बीड जिल्ह्याच्या पाण्याचा इतिहास आजवर एकाच मापाने लिहिला गेला आहे. पाणी किती होते आणि किती नव्हते. दुष्काळाची साले, धरणांतले दलघमी, आणेवारी, टँकरच्या खेपा. हे माप खोटे नाही. साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या मुलखाने दुसरे काय मोजायचे? पण याच पाण्यातला एक रहिवासी आणखी एक माप धरून जगत आला आहे. पाणी आहे की नाही हे कळल्यावर त्याचा दुसरा प्रश्न असतो, पाणी किती ऊन आहे?

हा रहिवासी म्हणजे मासा, आणि हा प्रश्न तो सर्वांत निकडीने विचारतो तो अंडे असताना. मोठा मासा खोल डोहात उतरून उन्हापासून वाचतो, सावलीला जातो, पाणी तापले तर पहाटेची वाट पाहतो. अंड्याला हलता येत नाही. ज्या पाण्यात ते पडले त्या पाण्याची उष्णता हेच त्याचे नशीब. दख्खनमधल्या माशांचा इतिहास आपण पुराचा आणि धरणांचा इतिहास म्हणून वाचतो, पण त्याच्या पोटात अंशांचा इतिहास दडलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. हा लेख त्या अंशांचा माग काढण्याचा प्रयत्न आहे.

मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही. जिल्ह्यातल्या बारवा, तलाव आणि नद्या यांच्या नोंदी जमवता जमवता मी माशांपर्यंत पोहोचलो. गोदाकाठच्या आणि सिंदफणेकाठच्या भोई वस्त्यांतून जुन्या माणसांशी बोलायला बसलो, की मला तारखा कधी ऐकायला मिळाल्या नाहीत. नक्षत्रे ऐकायला मिळाली. रोहिणीत पाणी कसे असते, मृगाच्या पहिल्या लोंढ्यात काय वर चढते, आर्द्रा कोरडी गेली तर काय होते. शेतकऱ्याचे पेरणीचे पंचांग आणि भोयाचे जाळ्याचे पंचांग एकच होते. हे पंचांग पावसाचे आहे असे मी बराच काळ ऐकत आलो. पुढे शास्त्र वाचू लागलो तेव्हा दिसले, की ते तितकेच उष्म्याचेही आहे.

अंड्याच्या आत काय चालते

आधी प्रत्यक्ष घडते काय ते पाहू. रोहू, कटला, मृगळ या माशांचे फळलेले अंडे पाण्यात पडले की काही मिनिटांत पाणी शोषून फुगते आणि साबुदाण्याच्या शिजलेल्या दाण्यासारखे पारदर्शक होते. आत एक पेशी असते. तिच्या दोन होतात, दोनाच्या चार. काही तासांनी त्या पुंजक्याला लांबट आकार येतो, मग डोके आणि शेपूट वेगळे ओळखू येते, हृदय धडधडू लागते आणि तो इवलासा जीव कवचात वळवळू लागतो. शेवटी त्याच्या अंगावरच्या विशिष्ट ग्रंथी एक पाचक द्रव्य सोडतात. त्याने कवच आतून विरघळते, मऊ होते, आणि शेपटीच्या फटक्याने पिल्लू बाहेर येते. अठ्ठावीस-तीस अंश सेल्सियसच्या पाण्यात हे सगळे चौदा ते वीस तासांत उरकते. आज मध्यरात्री पडलेले अंडे उद्या संध्याकाळपर्यंत फुटलेले असते.

या प्रत्येक पायरीचा वेग पाणी ठरवते. माशाला स्वतःची ऊब नाही. पाण्याची उष्णता तीच त्याची उष्णता. जिवंत शरीरातल्या रासायनिक क्रिया दर दहा अंशांमागे साधारण दुप्पट वेगाने चालतात, हा जीवशास्त्रातला ढोबळ नियम इथेही लागू पडतो. पाणी गार असेल तर घड्याळ मंद चालते, ऊन असेल तर जलद.

मग जितके ऊन तितके बरे, असे का नाही? कारण या घड्याळाची सगळी चाके एकाच प्रमाणात वेग घेत नाहीत. कवच विरघळवणारे द्रव्य लवकर सुटले आणि आतले पिल्लू अजून पुरते घडले नसेल, तर ते अपुऱ्या दिवसांचे बाहेर पडते. कण्याला बाक, हृदयाभोवती पाणी, तोंड नीट न फुटलेले. दुसरे कारण श्वासाचे. वीस अंशांच्या पाण्यात एका लिटरमध्ये सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तीस अंशांत साडेसात आणि पस्तीस अंशांत सातपेक्षाही कमी. अंड्याची भूक वाढते आणि ताटातले अन्न कमी होते, अशी ही अवस्था. उलट बाजूला पाणी चोवीस-पंचवीसच्या खाली गेले तर विकास रेंगाळतो, अंडे जास्त वेळ कवचात राहते आणि तेवढ्या वेळात मेलेल्या अंड्यांवर कापसासारखी बुरशी चढून ती शेजारच्या जिवंत अंड्यांवर पसरते.

मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, १९६१ साली स्थापन झालेली. तिथल्या संशोधकांनी २००६ साली रोहूच्या अंड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. २६ अंशांपासून ३६ अंशांपर्यंतच्या वेगवेगळ्या पाण्यांत अंडी ठेवून त्यांनी पाहिले. पाणी जितके ऊन तितका फुटण्याचा वेळ कमी, हे दिसलेच. पण सर्वांत चांगले फळ ३१ अंशांच्या आसपास मिळाले, आणि ३६ अंशांशी गाडे पुरते बिघडले. मधले अंतर फक्त पाच अंशांचे आहे. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात सकाळ आणि दुपार यांच्यातही हवेत याहून जास्त फरक असतो.

आता भोयांचे पंचांग पुन्हा पाहू. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागते. तेव्हा जिल्ह्यात चाळिशीपलीकडची उन्हे असतात, तलावाचे पाणी तळाला गेलेले असते आणि त्या उथळ पाण्याचा वरचा थर दुपारी बत्तीस-तेहेतीस अंशांच्या पुढे सहज जातो. मृग ७-८ जूनला. पहिले लोंढे गढूळ, खळाळते, प्राणवायूने भरलेले आणि मुख्य म्हणजे गार पाणी आणतात. आर्द्रा, मग पुनर्वसू म्हणजे तरणा पाऊस, पुष्य म्हणजे म्हातारा पाऊस. आभाळ झाकलेले, दिवस-रात्रीच्या तापमानातले अंतर मिटलेले. तापलेले पाणी सत्तावीस ते एकतीसच्या पट्ट्यात उतरते आणि काही आठवडे तिथेच थांबते. मासा पुराची वाट पाहतो हे खरे. पण तो पूर नेमका याच पट्ट्याच्या दाराशी उभा असतो.

दोन जुन्या नोंदी

ही गोष्ट आपल्याकडे कुणी लिहून ठेवली होती का?

बीड शहरात कंकालेश्वराचे देऊळ पाण्याच्या कुंडात उभे आहे. ते चालुक्यकालीन मानले जाते. त्या काळी हा मुलूख ज्या कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता, त्यांची राजधानी म्हणजे आजचे बसवकल्याण. त्या घराण्यातला राजा तिसरा सोमेश्वर याने इसवी सन ११३०च्या सुमारास 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचे प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणता मासा कुठे राहतो, कुणाला काय आमिष चारावे, गळ आणि दोरी कशी असावी, याचा त्यात तपशील आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण खात्याचे संचालक आणि मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर इंग्रजीत निबंध लिहून ते आधुनिक अभ्यासकांपुढे आणले. आठ-नऊशे वर्षांपूर्वी दख्खनमध्ये माशांकडे इतक्या बारकाईने पाहिले जात होते, याचा आनंद होतो. मात्र ही नजर गळ टाकणाऱ्याची आहे. खेळायला मिळणारा मोठा मासा हा तिचा विषय आहे.

दुसरी नोंद सातशे वर्षांनंतरची. विल्यम हेन्री साइक्स हा ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी १८२०च्या दशकात मुंबई सरकारचा सांख्यिकी अहवालकार म्हणून दख्खनमध्ये फिरत होता. भीमा, मुळा-मुठा या नद्यांतले मासे त्याने गोळा केले, त्यांची चित्रे काढून घेतली आणि १८३९ साली लंडनच्या प्राणिशास्त्र सभेच्या ग्रंथमालेत 'दख्खनचे मासे' हा निबंध प्रसिद्ध केला. त्याने एक सुंदर गोष्ट केली. नदीकाठची माणसे माशाला जे नाव सांगत, तेच त्याने शास्त्रीय नावात बसवले. खुद्री, कोळस, शिंगटी, नुक्ता ही मराठी नावे जगाच्या प्राणिशास्त्रात गेली. आजही महसीर माशाच्या दख्खनी जातीचे शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' असेच आहे. भोई-कोळ्यांची नावे त्या नोंदीत कुठे नाहीत, पण त्यांचे शब्द लॅटिनमध्ये शिरून बसले आहेत.

याच साइक्सने १८३५ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आणखी एक निबंध छापला होता, दख्खनच्या हवामानावरचा. वायुभार, उष्णतामान, दमटपणा यांची वर्षानुवर्षांची मापे त्यात आहेत. म्हणजे एकाच माणसाजवळ तापमापक होता आणि मासेही होते. तरीही हवेचा निबंध वेगळा निघाला आणि माशांचा वेगळा. दोन वह्या एकाच पेटीत राहिल्या, त्यांची पाने एकमेकांना लागली नाहीत. यात साइक्सला दोष देण्याचे कारण नाही, त्या काळची शास्त्रेच तशी वाटलेली होती. पण आपल्या नद्यांची उष्णता आणि आपल्या माशांची वीण यांचा मेळ घालायला त्यानंतर शंभराहून अधिक वर्षे लागली. तोवर हे गणित दुसरीकडे, अगदी वेगळ्या पाण्यात, सोडवले जात होते.

बर्फातली अंडी

युरोपात माशांची अंडी हाताने फळवण्याचे श्रेय जर्मनीतल्या स्टेफान लुडविग याकोबी यांना दिले जाते. १७६०च्या दशकात त्यांनी ट्राउट माशाची अंडी आणि नराचे वीर्य एकत्र करून पिल्ले मिळवल्याची हकिगत प्रसिद्ध झाली. ट्राउट हा थंड पाण्याचा मासा. दहा अंशांच्या पाण्यात त्याचे अंडे फुटायला साधारण सहा आठवडे लागतात, पाच अंशांत जवळजवळ दुप्पट. दिवस आणि अंश यांचा गुणाकार साधारण सारखा येतो. पिकांच्या बाबतीत असाच हिशेब फ्रेंच शास्त्रज्ञ रेओमूर यांनी १७३५ साली मांडला होता. रोजच्या उष्णतेची बेरीज एका ठरावीक आकड्याला पोहोचली की पीक तयार होते. अंड्यालाही हाच हिशेब लागू होतो, हे मत्स्यपालकांच्या ध्यानी आले.

त्यातून एक धाडसी कल्पना निघाली. घड्याळ उष्णतेवर चालत असेल, तर उष्णता काढून घेऊन ते जवळजवळ थांबवता येईल. १८६४ साली 'नॉरफोक' हे जहाज लंडनहून ऑस्ट्रेलियाला निघाले, तेव्हा त्यात बर्फाच्या कोठीत शेवाळात गुंडाळलेली सॅमन आणि ट्राउटची अंडी होती. जेम्स यूल यांनी आधी लंडनमधल्या बर्फाच्या तळघरात प्रयोग करून ही युक्ती पक्की केली होती. सुमारे तीन महिन्यांचा प्रवास, मध्ये विषुववृत्ताचा उष्मा, आणि तरीही टास्मानियात पोहोचल्यावर अंडी फुटली.

हिंदुस्थानात हे इतके सोपे गेले नाही. मद्रासकडचे लष्करी डॉक्टर आणि पुढे 'फिशेस ऑफ इंडिया' हा मोठा ग्रंथ लिहिणारे फ्रान्सिस डे यांनी १८६३ साली निलगिरीत ट्राउटची अंडी आणण्याचा प्रयत्न केला, तो फसला. काश्मीरला पाठवलेली १८९९ची पहिली खेप वाटेत नासली, १९००ची टिकली. साहेबाला आपल्या गळाला आपल्या देशाचा मासा हवा होता, एवढेच या खटाटोपाचे कारण. पण त्यातून अंड्याच्या घड्याळाची जाण जगभर पसरली.

ती आपल्या माशांना मात्र जशीच्या तशी उपयोगी नव्हती. ट्राउटच्या अंड्याजवळ आठवडे असतात, रोहूच्या अंड्याजवळ तास. रोहूचे अंडे बर्फात ठेवले तर घड्याळ थांबत नाही, फुटते. म्हणून आपल्याकडे अंडी कधी प्रवासाला निघाली नाहीत. निघाली ती पिल्ले. गंगेच्या खोऱ्यात पुराच्या पाण्यातून धरलेली बारीक पिल्ले मातीच्या हांड्यांत भरून रेल्वेने लांब लांब नेत. हांडी मातीचीच का? कारण ती पाझरते, आणि पाझरणारे भांडे आतले पाणी गार ठेवते. आपल्या घरच्या माठाचेच तत्त्व. तरी वाटेत पाणी बदलावे लागे, हांडी हलवत राहावी लागे आणि बरीच पिल्ले दगावत.

१० जुलै १९५७

कटला, रोहू, मृगळ हे मासे साठवलेल्या पाण्यात वाढतात, पण अंडी देत नाहीत. त्यांना नदीचा पूर लागतो. त्यामुळे देशभरच्या तळ्यांना लागणारे बी गंगेवर अवलंबून होते. ही अडचण दूर झाली ती माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काने. अर्जेंटिनात १९३०च्या सुमारास बर्नार्डो हुसे यांनी आणि पाठोपाठ ब्राझीलमध्ये रोडोल्फो फॉन इहरिंग यांच्या गटाने हा मार्ग दाखवला होता. ओरिसात अंगुल इथे हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलीकुन्ही यांनी भारतीय कार्प माशांवर तो यशस्वी केला तो दिवस १० जुलै १९५७. आज तो राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो.

पंचांग उघडून पाहिले तर १० जुलैला पुनर्वसू नक्षत्र असते. तरणा पाऊस. सुईने पुराची गरज भागवली, नक्षत्राची भागवली नाही. मादीची अंडी पोटात पिकायला लागणारी ऊब आणि ती बाहेर पडून फुटायला लागणारे उतरलेले पाणी या दोन्ही गोष्टी जुलैनेच दिल्या.

पुढची सोय म्हणजे 'हापा'. बारीक विणीच्या कापडाची पेटी बाहेर आणि मच्छरदाणीच्या जाळीची पेटी आत, दोन्ही तळ्यात बांबूंना बांधलेल्या. आतल्या पेटीत अंडी टाकायची. फुटलेले पिल्लू जाळीतून बाहेरच्या पेटीत येते आणि कवचे आत राहतात. स्वस्त, साधी युक्ती. पण हाप्यातले अंडे तळ्याच्या वरच्या थरात असते, म्हणजे उन्हाच्या थेट ताब्यात. ढग पांगले, वारा पडला आणि दुपार तापली की सगळी मेहनत वाया. १९८०च्या दशकात चिनी पद्धतीची गोल हॅचरी आली. सिमेंटचे वर्तुळाकार टाके, तळाशी तिरप्या तोट्या, त्यातून येणारे पाणी गोल फिरत राहते आणि अंडी नदीसारखी वाहती राहतात. आता पाणी कुठून घ्यायचे, किती वेगाने फिरवायचे, वर छप्पर घालायचे की नाही, हे माणसाच्या हाती आले.

हॅचरीचे वेळापत्रक पाहिले तर ते अंशांभोवती बांधलेले दिसते. इंजेक्शन संध्याकाळी देतात. अंडी रात्री पडतात. पहिल्या नाजूक पेशीविभाजनाचे तास रात्रीच्या आणि पहाटेच्या गारव्यात जातात, आणि दुपारचे ऊन येईपर्यंत गर्भ थोडा दणकट झालेला असतो.

महाराष्ट्रातले या क्षेत्रातले एक मोलाचे काम लोणावळ्याला झाले. राज्याचे माजी मत्स्यव्यवसाय संचालक डॉ. चं. वि. कुलकर्णी यांनी १९७०च्या दशकात टाटा वीज कंपन्यांच्या वळवण तलावाकाठी महसीरचे बीजोत्पादन यशस्वी केले. हीच ती साइक्सची खुद्री. घाटातल्या गार पाण्यात वाढणाऱ्या महसीरची अंडी तळाला बसतात आणि त्यांना फुटायला तीन दिवसांच्या आसपास लागतात. रोहूचे नियम तिला चालत नाहीत. एकाच राज्यात, शे-दोनशे मैलांच्या अंतरात, दोन माशांची दोन घड्याळे.

बीडचे तलाव, बीडची बेरीज

आता घरी परत येऊ. बिंदुसरा, मांजरा, सिंदफणेवरचे माजलगाव धरण, शिवाय शेकडो लघुप्रकल्प आणि पाझर तलाव. पैठणला १९७६ साली जायकवाडीचे लोकार्पण झाले आणि त्याच प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातून माजलगावचे धरण उभे राहिले. पाणी अडले, शेती भिजली, आणि नदीचा मासा मात्र कोंडीत सापडला. पूर्वी मृगाचा लोंढा आणि उतरलेले पाणी एकदम येत. आता पहिले लोंढे धरण भरण्यात संपतात. दरवाजे उघडलेच तर भाद्रपदात उघडतात, कित्येक वर्षी उघडतच नाहीत. अंड्यांना हवी ती ऊब असते तेव्हा नदीत वाहते पाणी नसते. वाहते पाणी येते तेव्हा माशाचा हंगाम सरलेला असतो. वर चढायची वाटही भिंतीने बंद केलेली.

म्हणून तलावांत बी विकत आणून सोडावे लागते. मत्स्यव्यवसायात पिल्लांच्या वाढीच्या पायऱ्यांना सुरेख मराठी नावे आहेत. अंड्यातून नुकते बाहेर पडलेले ते मत्स्यजिरे, कारण ते जिऱ्याएवढे दिसते. थोडे वाढले की मत्स्यबीज, बोटाएवढे झाले की बोटुकली. हे बी पैठणसारख्या सरकारी केंद्रातून, खाजगी हॅचऱ्यांतून किंवा आंध्र आणि बंगालमधून येते. मातीच्या हांडीची जागा प्राणवायू भरलेल्या प्लास्टिकच्या पिशवीने घेतली आहे, पण पिशवी पाझरत नाही. ती पंधरा-वीस मिनिटे तलावाच्या पाण्यात तशीच तरंगत ठेवून आतले-बाहेरचे तापमान जुळल्यावरच तोंड सोडायचे असते. टेम्पो दुपारी बाराला आला आणि घाईने पिशव्या फाडल्या, की संस्थेचे पैसे तळाला जातात. सहा-सात अंशांचा एक झटका पुरतो.

आणि आपल्याकडे उशीर परवडत नाही, हे सर्वांत महत्त्वाचे. बीडमधले बहुतेक छोटे तलाव हंगामी आहेत. ऑगस्ट-सप्टेंबरात भरले तर मार्च-एप्रिलला तळ दिसतो. मासा विकण्याजोगा व्हायला हेच सात-आठ महिने. त्यातले थंडीचे दोन महिने वाढ मंदावते. जून तापलेला गेला, हॅचरीतली अंडी नासली आणि बोटुकली पंधरा दिवस उशिरा पडली, तर भोयाच्या हाती येणाऱ्या माशाचे वजनच कमी भरते. अंड्याच्या पोटातल्या चार अंशांचा हिशेब असा थेट एका घराच्या वर्षाच्या हिशेबात उतरतो. दुष्काळात तर तोही उरत नाही. २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तेव्हा धनेगावचे मांजरा धरण कोरडे होते. त्या रेल्वेची बातमी झाली. मांजराच्या भोयांची झाली नाही.

बंगालमधल्या हॅचऱ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले आहे, की पूर्वी मे-अखेर किंवा जूनमध्ये सुरू होणारा कार्पचा हंगाम आता मार्चपर्यंत अलीकडे सरकला आहे. पाणी लवकर तापते, मादी लवकर पिकते. तिथे बारमाही तळी आहेत, म्हणून हा कदाचित फायदाही ठरेल. आपल्याकडे मार्चमध्ये पिकलेल्या मादीने करायचे काय? अंडे ठेवायला पाणीच नसते.

या सगळ्यात एकाचे मात्र चांगले चालले आहे. चिलापी. आफ्रिकेतला हा मासा १९५२ साली भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात घेऊन फिरते. पाणी तापले की अंड्यांसकट खोलात जाते, गार झाले की वर येते. ज्या अंड्याला हलता येत नाही, त्याला तिने पाय दिले. शिवाय तिला पूर लागत नाही आणि वर्षातून अनेकदा वीण होते. आमच्या जिल्ह्यातल्या तलावांत जाळे टाकल्यावर चिलापीच जास्त का येते, याचे एक मोठे उत्तर या तोंडात आहे. जुन्यांपैकी मरळ टिकून आहे, कारण तीही राखणदार. तिची अंडी तरंगतात आणि नर-मादी त्यांच्यावर पहारा देतात. उघड्या पाण्यावर अंडी सोडून देणारे, पुरावर आणि हवामानावर भरवसा ठेवणारे मासे मागे पडले. त्यांचा भरवसा आपण मोडला.

खजाना विहिरीचा धडा

बीडजवळची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, निजामशाहीतला सरदार सलाबतखान याच्या काळातली. तिची बांधणी राजा भास्कर या जाणकाराच्या नावावर सांगितली जाते. तिच्याबद्दल आपण नेहमी सांगतो ते पाणी आटत नाही म्हणून. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते. खोल विहिरीचे पाणी हिवाळ्यात कोमट आणि उन्हाळ्यात गार लागते, हा सर्वांचा अनुभव आहे. प्रत्यक्षात ते बदलत नाही, बदलतो आपला हात. जमिनीखालचे पाणी वर्षभर त्या गावच्या हवेच्या सरासरी उष्णतेच्या जवळपास राहते, आणि आपल्या भागात ती सरासरी सव्वीस-सत्तावीसच्या घरात आहे. म्हणजे रोहूच्या अंड्याला सोसणाऱ्या पट्ट्यातच. हॅचरीला विहिरीचा आधार द्यावा, टाक्यावर छप्पर घालावे, आणि विहिरीच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो म्हणून ते फवाऱ्यातून पाडून मगच अंड्यांवर सोडावे, ही काही नवी विद्या नाही. ती जाणणारी माणसेही आहेत. नाही ती मोजणी.

पाऊस मोजायला आपल्याकडे प्रत्येक महसूल मंडळात पर्जन्यमापक आहे. धरणाची पातळी रोज सकाळी फळ्यावर लिहिली जाते. पण तलावाच्या पाण्याची उष्णता वर्षभर रोज लिहिलेली वही मला जिल्ह्यातल्या ज्या ज्या मत्स्य संस्थांत गेलो तिथे दिसली नाही. साइक्सच्या दोन वह्या अजून वेगळ्याच आहेत. साधा तापमापक एक-दीड किलो रोहूच्या किमतीत येतो. संस्थेच्या नोंदवहीत माशाच्या वजनाशेजारी दोन रकाने वाढवावे लागतील, पहाटेचे पाणी आणि दुपारचे पाणी. दहा वर्षांनी त्या रकान्यांतून कळेल, की आपल्या तलावांत सत्तावीस ते एकतीसचा पट्टा कोणत्या आठवड्यात येतो, तो कुठे सरकतो आहे आणि बी कधी मागवावे. भोयांच्या म्हाताऱ्यांनी जे नक्षत्रांत सांगितले, ते त्यांच्या नातवंडांना अंशांत वाचता येईल. नक्षत्रे तारखा चुकवत नाहीत, पण त्यांच्याबरोबर येणारे पाणी आता पूर्वीचे राहिलेले नाही. मृग लागले म्हणून पाणी उतरलेच असेल, असे यापुढे धरून चालता येणार नाही. ते हात घालून आणि मोजून पाहावे लागेल.